वाचकांचे प्रश्न : आजारपण आधी की गरिबी?

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत शिकवते. घरची परिस्थिती बेताची असलेली मुले वारंवार आजारी पडतात आणि अभ्यासातही मागे राहतात. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता? शाळेला यात काही करता येईल का?

उत्तर : दोन्ही एकमेकांचे कारण आहेत, मात्र गरिबीतून आजार यायला काही दिवस पुरतात, तर बालपणीच्या आजारातून गरिबी यायला वीस-पंचवीस वर्षे लागतात, आणि म्हणूनच ही दुसरी बाजू सहसा नजरेआड होते. ग्वाटेमालात १९६९ ते १९७७ या काळात दोन खेड्यांतील मुलांना प्रथिनयुक्त पेय दिले गेले, तर तुलनेसाठी निवडलेल्या दोन खेड्यांत प्रथिने नसलेले, कमी उष्मांकाचे पेय दिले गेले. ही मुले कर्ती झाल्यावर पाहणी केली, तेव्हा आयुष्याच्या पहिल्या दोन वर्षांत पौष्टिक पेय मिळालेल्या पुरुषांची तासाची कमाई सुमारे ४६ टक्क्यांनी अधिक आढळली. तीन वर्षांचे झाल्यावर ज्यांना ते मिळाले, त्यांच्या कमाईत असा फरक दिसला नाही. स्त्रियांच्या कमाईतही तो ठळकपणे दिसला नाही. माझ्या मते, कमाईची संधीच मर्यादित असेल तर निव्वळ सुदृढ शरीर पुरत नाही.

आयुष्याच्या या पहिल्या वर्षांत केवळ पोटभर खाणे पुरेसे ठरत नाही. दूषित पाण्यामुळे वारंवार जुलाब होत राहिले, तर आतड्याची अन्न शोषण्याची क्षमता घटते, भूक मंदावते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. मूल खुरटते, आणि खुरटलेल्या मुलाला पुढचा संसर्ग अधिक जड जातो.

तुमच्या वर्गात मात्र हे वेगळ्या रूपात दिसेल. एखाद्या मुलाचा कान महिनोन्‌महिने वाहतो, आईला दवाखान्यासाठी रोजंदारी बुडवणे परवडत नाही, आणि मागच्या बाकावर बसलेल्या त्या मुलाला निम्मे शब्द ऐकूच येत नाहीत. शिक्षक त्याला ‘लक्ष नसलेला’ ठरवतात (हा शेरा प्रगतिपुस्तकात फार सहज लिहिला जातो). अशा वेळी शेरा लिहिण्याआधी त्याचे कान व डोळे तपासून घ्यावेत, पंडुरोगाची शंका असल्यास रक्त तपासावे, आणि गैरहजेरीपुढे तिचे कारणही नोंदवावे. पालकसभेला आलेल्या आईच्या कडेवर तान्हे मूल असेल, तर त्याचे वजन आणि लसीकरण यांचीही आवर्जून चौकशी करा. तुमचा विद्यार्थी ज्या वयातून पुढे गेला, त्या वयात ते आज आहे.