दुधाच्या दातामागून नवा दात आलाय, काढायचा का?

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, माझा मुलगा साडेसहा वर्षांचा आहे. परवा ब्रश करून देताना बघितलं तर खालच्या पुढच्या दाताच्या मागे, जिभेच्या बाजूला नवीन दात आलाय आणि दुधाचा दात अजून तिथेच. सासूबाई म्हणतात दोरा बांधून ओढ, मी घाबरून बसलेय. शिवाय मागच्या एका दाढेला कीड लागलीये, पण सगळे म्हणतात पडणारच आहे तर खर्च कशाला. काय करू?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: ताई, घाबरू नका, दुहेरी दात घेऊन खूप मुलं येतात. होतं काय, नवीन दात खालून वर सरकायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ हळूहळू विरघळत जातं, म्हणून तर पडलेला दात हातात घेतला की नुसता टोपीसारखा दिसतो आणि आपल्याला वाटतं त्याला मूळ नव्हतंच. तुमच्या मुलाचा दात जरा मागून वर आला, त्यामुळे पुढच्याचं मूळ पूर्ण विरघळलं नाही. दात हलतोय का बघा. हलत असेल तर त्यालाच जिभेने, स्वच्छ बोटाने हलवू दे, पेरू गाजर चावू दे. दुधाचा दात पडला की बहुतेक वेळा जीभच नव्याला पुढे ढकलते. दोन-तीन महिने झाले तरी हलत नसेल किंवा दुखत असेल तर डेंटिस्टकडून काढून घ्या. दोरा मात्र नको, अर्धं मूळ आत असताना ओढला तर दात तुटतो, हिरडी फाटते, आणि पोरगं पुढे कुणालाच तोंडात हात घालू देत नाही.

आता दाढेचं, आणि हे मी अगदी कळकळीने सांगते. दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात, म्हणजे तुमच्या मुलाला ती अजून चारेक वर्षं चावायला लागणार. आणि ती खालच्या पक्क्या दाताची जागा धरून बसलेली असते. किडून लवकर काढावी लागली तर मागची दाढ पुढे सरकते, जागा बुजते, मग नवा दात वाकडा येतो नाहीतर आतच अडकतो. म्हणून भरून घ्या. काढावीच लागली तर जागा राखणारी तार बसवता येते ते विचारा. खर्चाची अडचण असेल तर पंचवटीत केबीएच डेंटल कॉलेज आहे, कॉलेजात साधारण कमी पैशात काम होतं.

अजून एक, त्याच्या सगळ्यात मागे बॅटरी मारून बघा. सहाव्या वर्षाच्या आसपास तिथे एक मोठी दाढ येते, तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही त्यामुळे घरी कुणाला पत्ताच लागत नाही, दुधाचीच समजतात आणि आठव्या वर्षी किडलेली घेऊन येतात. ती पक्की आहे, परत येणार नाही! ब्रश तिथपर्यंत पोचवा आणि आपल्याकडे डब्यात मनुका बेदाणे असतातच, ते खाल्ल्यावर खळखळून चूळ भरायला लावा, फार चिकटतात ते.

प्रश्न: माझी नात आठ वर्षांची. वरचे नवीन दात पिवळट, करवतीसारख्या कडांचे, मधे फट. तार लावायची का? आणि आमच्यावेळी पडलेला दात कौलावर टाकायचो, आता फ्लॅटमध्ये कुठे टाकायचा?
– एक आजी, नाशिकरोड

उत्तर: आजी, आत्ता तार नको. पक्के दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसरच असतात, शेजारी पांढरेशुभ्र दुधाचे दात असले की जास्तच जाणवतं. करवत चावून चावून झिजते. फट बहुतेकदा वरचे सुळे आले की, म्हणजे अकरा-बारा वर्षांपर्यंत, आपोआप भरते. तोपर्यंत वर्षातून एकदा दाखवत राहा म्हणजे झालं.

दुधाचा दात तुळशीच्या कुंडीत पुरा, छान. पण नात खेळताना पडली आणि पुढचा पक्का दात मुळासकट निघाला तर तो टाकू नका. मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, वाटीभर थंड दुधात घाला आणि अर्ध्या तासाच्या आत डेंटिस्ट गाठा, तो दात परत बसवता येतो.