मौजेच्या नेमबाजीसाठी पहिले रिव्हॉल्व्हर कोणते घ्यावे: .२२ की .३५७ कॅलिबरचे, ४ इंची बॅरलचे की ६ इंची?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिले आहे की रेंजवरच्या एका जाणत्याने सांगितले, "रिव्हॉल्व्हर असेल तर दर गोळीला हॅमर (काडतुसावर ठोका देणारा मागचा घोडा) अंगठ्याने मागे ओढायचाच, डबल अ‍ॅक्शनने नेम लागत नाही." त्यावर विसंबून तुम्ही .३५७ मॅग्नम, ६ इंची जवळपास ठरवूनही टाकले आहे. कॅलिबरकडे, म्हणजे गोळीच्या मापाकडे, येतो, पण हा सल्ला तसाच सोडून देणे मला जमणार नाही. हा वाद मी फार वर्षे घालत आलो आहे.

डबल अ‍ॅक्शनमध्ये ट्रिगरच्या एकाच ओढीत सिलिंडर (काडतुसे भरायचे फिरते नळकांडे) फिरतो, हॅमर मागे जातो आणि सुटतो. कारखान्यातून आलेल्या बहुतेक रिव्हॉल्व्हरमध्ये ही ओढ साडेचार ते साडेपाच किलोची असते. हॅमर आधीच मागे असेल तर दीड-दोन किलोत काम होते. त्यामुळे हलका तो बरा, असे नवख्याला वाटते. पण हलक्या, तोकड्या ट्रिगरवर गोळी नेमकी कधी सुटणार हे हाताला आधीच कळते, आणि त्या क्षणी मनगट खाली दबते. लांब, एकसारख्या ओढीत तो क्षण हेरता येत नाही. शिवाय दर वेळी अंगठा वर नेला की पकड मोडते, आणि पुढची गोळी वेगळ्याच पकडीतून जाते.

डबल अ‍ॅक्शनसाठी ट्रिगरवर बोटाचा गुबगुबीत भाग ठेवू नका, पहिल्या पेराची घडी ठेवा. ओढ सुरू झाली की मध्ये थांबून नेम दुरुस्त करायचा नाही, साइट (नेम धरायची बॅरलवरची खूण) किंचित डुलत असली तरी एकाच वेगाने शेवटपर्यंत जायचे. गोळी सुटल्यावर ट्रिगर पूर्ण पुढे येऊ द्या. अर्ध्यातून परत ओढला तर तो अडकतो, किंवा सिलिंडर एक घर पुढे सरकून ते काडतूस न उडताच मागे राहते. मनगट दबते की नाही हे पाहायचे तर सिलिंडरमध्ये तीन खरी आणि तीन डमी काडतुसे घाला, न बघता फिरवून बंद करा आणि झाडा. डमीवर बॅरलचे तोंड खाली गेले तर दोष रिव्हॉल्व्हरचा नाही.

म्हणून विकत घेताना पहिली परीक्षा डबल अ‍ॅक्शन ट्रिगरची. वजन किती यापेक्षा ते शेवटपर्यंत सारखे राहते का, हे महत्त्वाचे. कोल्ट कंपनीच्या जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये शेवटच्या टप्प्यात ओढ जड होत जाते, काहींना ती आवडते, मला नाही. दुसरी परीक्षा हाताच्या मापाची. पकड उंच घेतल्यावर बोट पेरापर्यंत आरामात पोहोचले पाहिजे आणि बॅरल हाताच्या रेषेत राहिले पाहिजे. बॅरल तिरके करून बोट पोहोचवावे लागत असेल तर ग्रिप (मुठीचे आवरण) बदला किंवा ते रिव्हॉल्व्हर सोडून द्या.

आता कॅलिबर. .३५७ घ्या, पण त्यात .३८ स्पेशल हे सौम्य काडतूस झाडा. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच आहे. .३८ ची पुंगळी (काडतुसाची धातूची नळी) २९.३ मिमी, .३५७ ची ३३ मिमी, म्हणून .३८ हे .३५७ मध्ये बसते, उलटे नाही. १४८ ग्रेन (सुमारे साडेनऊ ग्रॅम) वजनाची वॉडकटर, म्हणजे सपाट तोंडाची, गोळी सावकाश जाते, धक्का सौम्य असतो आणि कागदात कडा स्वच्छ असलेले गोल भोक पडते, त्यामुळे गुण मोजताना वाद होत नाहीत. मात्र .३८ ची आखूड पुंगळी चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या घरात) काजळीचे कडे सोडते. ते ब्रशने काढले नाही तर मॅग्नम काडतूस पुढे नीट बसत नाही आणि पुंगळी निघताना अडकते.

भरपूर सराव स्वस्तात हवा असेल तर .२२. पण .२२ चा डबल अ‍ॅक्शन ट्रिगर अनेकदा जास्त जड असतो, कारण रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर ठोका बसून उडणारे, काडतूस पेटवायला जोराचा ठोका लागतो. चेंबर लवकर मळतात आणि पुंगळ्या चिकटतात, हेही धरून चाला. स्मिथ अँड वेसन ६८६ किंवा रूगर जीपी१०० आणि .२२ मध्ये स्मिथ ६१७, यांपैकी जे हातात बसेल ते घ्या. दोन इंची खिशातले नको. त्याची साइट तोकडी आणि पकड अपुरी, त्यावर शिकणे म्हणजे त्रास.

बॅरल लांब असल्याने रिव्हॉल्व्हर आपोआप अचूक होत नाही. दोन साइटमधले अंतर वाढते, म्हणून नेमातली चूक कमी होते, एवढेच. एका हाताने झाडणार असाल तर ६ इंचीचे पुढचे वजन हात लवकर थकवते. दोन हातांनी, फक्त कागदावर झाडायचे असेल तर ६ इंची चांगले.

वापरलेले घेत असाल तर रिकामे आहे हे दोनदा पाहून सिलिंडर आणि बॅरलमधली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ०.१ ते ०.२ मिमी ठीक. त्याहून बरीच जास्त असेल तर बाजूने कण उडतात. बोटाने सिलिंडरला हलका अडथळा देत हॅमर सावकाश मागे ओढा, सहाही घरांवर हॅमर अडकण्याआधी सिलिंडर खटकन जागी बसला पाहिजे. मग हॅमर मागे असताना ट्रिगरला हात न लावता अंगठ्याने हॅमर पुढे ढकला, तो पडला तर ते रिव्हॉल्व्हर घेऊ नका. बॅरलच्या मागच्या तोंडाशी तडा आहे का तेही बघा. स्मिथ अँड वेसनच्या मध्यम आकाराच्या जुन्या के-फ्रेम .३५७ मध्ये ती जागा खालून सपाट घासलेली असते आणि हलक्या, वेगवान मॅग्नम गोळ्यांनी तिथेच चिरते.

स्मिथमध्ये ट्रिगर हलका करायचा म्हणून ग्रिपखालचा स्प्रिंगचा स्क्रू सैल करू नका. डबल अ‍ॅक्शनमध्ये हॅमरचा ठोका मुळातच थोडा कमी असतो, मग काडतुसे उडायची थांबतात आणि लोक काडतुसांना दोष देतात. काडतूस उडले नाही तर बॅरल निशाण्याकडेच ठेवून तीस सेकंद थांबा. आवाज फुसका आला तर पुढची गोळी झाडायची नाही, आधी सिलिंडर उघडून बॅरल तपासा.

सावकाश, एकेक गोळी करून लहान ग्रुप (जवळजवळ पडलेल्या भोकांचा पुंजका) काढायची स्पर्धा असेल तर हॅमर मागे ओढणे बरोबर आहे, तिथे तुमच्या जाणत्याचे म्हणणे टिकते. पण त्यासाठीसुद्धा आधी डबल अ‍ॅक्शनवर हात बसवा.