फुकटचा वकील आणि काकांची सही

प्रश्न : माझी चुलत बहीण २२ वर्षांची आहे. पार्लरमध्ये काम देते म्हणून ओळखीतल्या एका बाईने तिला पुण्याला नेलं आणि धंद्याला लावलं. पोलिसांनी धाड टाकून सोडवलं, आता ती महिला सुधारगृहात आहे. एक वकील घरी येऊन म्हणतो फी नको, काकांनी फक्त सही करावी, लगेच बाहेर काढतो. करावी का? तिच्यावर पण केस होईल का?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सही अजिबात करू नका. फी न घेणारा वकील आपणहून दारात येतो तेव्हा त्याला तुमचा पत्ता कुणी दिला ते आधी विचारा. अशांचे पैसे बऱ्याचदा अड्डेवालीच भरते, कारण मुलगी बाहेर येऊन गायब झाली की साक्ष पण गेली. मुंबई हायकोर्टाने २००२ मध्येच प्रेरणा संस्थेच्या केसमध्ये सांगितलंय की दलालाच्या किंवा अड्डेवालीच्या वकिलाला त्याच केसमध्ये सुटका झालेल्या मुलीचं वकीलपत्र घेता येत नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, तस्करीच्या पीडितेला तिथे फुकट वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, नुकसानभरपाईचा अर्ज पण तिथूनच करा.

केसचं टेन्शन घेऊ नका. १९५६ चा पिटा कायदा (अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा) अड्डा चालवणाऱ्याला, मुलगी आणणाऱ्याला, तिच्या कमाईवर जगणाऱ्याला धरतो, आणि तुमची बहीण इथे पीडित आहे, साक्षीदार आहे.

आता सुधारगृहाचं. मॅजिस्ट्रेटची चौकशी चालू असताना तीन आठवड्यांपर्यंत ठेवता येतं, त्यात घरची पण चौकशी होते, कोणीतरी येऊन बघून जाईल की घरचे तिला नीट सांभाळतील का. शेजाऱ्यांना काय "मामाकडे गेलीय" सांगताय ते सांगा, पण त्या माणसाशी खोटं बोलू नका. पुढे एक ते तीन वर्षं ठेवायची ऑर्डर निघू शकते खरी, पण २०२० मध्ये मुंबई हायकोर्टाने तीन सज्ञान मुलींच्या बाबतीत अशी ऑर्डर रद्द केली, मर्जीविरुद्ध डांबता येत नाही म्हणून. तेव्हा काकांच्या सहीपेक्षा तिला काय हवंय ते महत्त्वाचं. काकांना लाज वाटते म्हणून तिला तिथेच राहू द्यायचं, हे पण चालणार नाही हां. तिलाच अजून राहायचं असेल, काही शिकायचं असेल, तर तसा अर्ज ती स्वतः करू शकते.

आणि ती ओळखीतली बाई किंवा तिची माणसं गावात असतील तर बहिणीला घरी आणायच्या आधीच कोर्टाला सांगा. २०१८ पासून साक्षीदार संरक्षण योजना आहे, अर्ज प्राधिकरणाच्या वकिलाकडूनच लिहून घ्या.