प्रोग्रॅमिंगचा कोर्स गणितात धरावा का?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हायस्कूलचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स गणिताच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे शाळा पूर्ण करायला लागणाऱ्या गणिताच्या कोट्यात, धरतात, तसं आपल्याकडे व्हावं का, असं तुम्ही विचारलंय. मुलगा अकरावीत आहे, असंही लिहिलंय. माझं मत: धरावा. सांगलीतल्या एका ज्युनिअर कॉलेजात मी बरीच वर्षं कॉम्प्युटर सायन्स शिकवलं. "तुमचा विषय म्हणजे टायपिंग" हे स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की या प्रश्नावर गप्प बसवत नाही.

टर्बो सी प्लस प्लसचे दिवस होते, पोरं त्या सॉफ्टवेअरवर प्रोग्रॅम लिहायची. तासगावहून एसटीनं येणारी एक मुलगी. गणिताच्या पहिल्या चाचणीत २५ पैकी ४. सरांनी भर वर्गात उभं करून सांगितलेलं, गणित सोड, तुला झेपायचं नाही. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला फॅक्टोरियलचा, म्हणजे १ पासून त्या आकड्यापर्यंतचे सगळे आकडे गुणायचा, प्रोग्रॅम होता. ७ चं उत्तर ५०४०, बरोबर. ८ टाकले आणि स्क्रीनवर आलं उणे २५२१६. सगळे धन आकडे गुणून उत्तर उणे कसं?

बाकीच्या पोरांनी इंट (आकडा ठेवायचा छोटा डबा) काढून लाँग (मोठा डबा) टाकलं, ४०३२० आलं, जर्नलवर सही घेतली आणि गेली. ही उठेना. "मॅडम, पण उणे का आलं?"

मी एवढंच सांगितलं की या इंटमध्ये १६ बिट, म्हणजे शून्य किंवा एकच्या १६ जागा, त्यात ६५५३६ आकडे मावतात, त्यातले निम्मे उणे; ३२७६७ च्या पुढे गेलं की थेट उणे ३२७६८. ती जरा वेळ कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पांच्या टेम्पोच्या मीटरसारखं. ९९९९९ झालं की परत शून्य." तिनं ४०३२० मधून ६५५३६ वजा केले. उणे २५२१६. पुढचं मी सुचवलंसुद्धा नाही. ९ चं फॅक्टोरियल ३६२८८०. त्यातून तिनं ६५५३६ पाच वेळा काढले, ३५२०० उरले, ते ३२७६७ च्या वर म्हणून आणखी एकदा वजा केले, कागदावर उणे ३०३३६ लिहिलं आणि मगच रन केलं. स्क्रीनवर तोच आकडा. शिपाईमामा किल्ल्या घेऊन दारात थांबले होते.

हे गणित नाही तर काय? यालाच पुढे पदवीला मॉड्युलर अरिथमेटिक म्हणून शिकवतात. तो कागद मी सरांपुढे ठेवला. "ही तुमच्या मशीनची खोट आहे," म्हणून त्यांनी न वाचताच बाजूला सारला. सर, खोट मशीनची होती, पण ती नेमकी कितीची हे मशीनच्या आधी त्या मुलीनं काढलं होतं. त्या दिवशी हे तोंडावर बोलायला हवं होतं.

आता नियमांचं. आपल्या बोर्डात बारावीला कॉम्प्युटर सायन्स २०० गुणांचं आहे, पण मुलं ते दुसरी भाषा आणि बहुतेक वेळा जीवशास्त्र सोडून घेतात, गणिताच्या जागी नाही. सीबीएसईत दहावीला गणित गेलं आणि आयटीसारखा सहावा स्किल विषय पास असेल, तर तो त्याच्या जागी धरतात. मला ही सोय पटत नाही. नापासाला लावलेलं ठिगळ म्हणून प्रोग्रॅमिंग आत येणार असेल, तर सरांचंच म्हणणं खरं ठरवल्यासारखं होईल.

आणि हो, जर्नल उतरवून मिळालेल्या गुणांबद्दल मी बोलत नाहीये. भूमितीतली सिद्धताही लूप लिहून येत नाही, ती वहीवरच करावी लागते. इंजिनिअरिंगची सीईटी द्यायची असेल तर मुलाला गणित अजिबात सोडू देऊ नका.

त्याला १० चं फॅक्टोरियल काढायला सांगा. हल्लीच्या कंपायलरवर इंट मोठा असतो, म्हणून शॉर्ट, म्हणजे १६ बिटांचा डबा, घ्यायला लावा. उत्तर २४३२० येईल. उणे नाही, काही नाही, दिसायला अगदी ठीक. खरं उत्तर ३६२८८०० आहे. त्याला स्वतःहून शंका येते का, बघा.