कांदा विकायचा की चाळीत ठेवायचा

प्रिय मुली,

पदवीला अर्थशास्त्र घ्यावं की फायनान्स, असं विचारून खाली तू लिहिलंस, "नोकरी कशात लवकर लागेल तेवढं सांगा." नोकरीचं सांगतोच. आधी तुमच्या कांद्याबद्दल बोलू.

एप्रिलात उन्हाळ कांदा निघाला की तुझे बाबा दरवर्षी एकाच पेचात असतात. आत्ताच लासलगावच्या बाजारात न्यायचा की चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरायचा? थांबलं तर कदाचित भाव मिळेल. पण तोवर कांदा सडतो, कोंब येतात, वजनात घट येते आणि सोसायटीच्या कर्जाचं व्याज चालूच असतं. आज हातात पडणारे पैसे आणि सप्टेंबरात येतील न येतील असे पैसे एकाच तराजूत कसे तोलायचे, जोखीम किती घ्यायची, हे फायनान्स शिकवतं. बँक, विमा, शेअर बाजार, सगळीकडे मुळात हाच हिशेब असतो.

आता २०२३ आठव, तेव्हा तू दहावीत होतीस. ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातच थांबवली, ती खुली व्हायला मे २०२४ उजाडला. तू फोनवर रागाने विचारलं होतंस, "शहरात कांदा स्वस्त व्हावा म्हणून आमचा भाव का पाडायचा?" हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. आणि तो रागावर सुटत नाही. डिसेंबरात लाल कांद्याची आवकही वाढलेली असते. मग भाव बंदीने किती पडला आणि आवकेने किती? शेतकऱ्याचा जेवढा तोटा झाला, तेवढा फायदा गिऱ्हाइकाला झाला का? हे वेगळं काढायला संख्याशास्त्र लागतं, गणित लागतं.

मी अकरावीला गणित सोडून एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती) घेतलं होतं. कॉमर्सला गणित कशाला, असं तेव्हा मला सांगितलं गेलं आणि मी ऐकलं. एम.ए.ला गेल्यावर पहिल्याच महिन्यात फळ्यावरचं काही कळेना. ती उणीव भरून काढायला मला दोन वर्षं लागली. तू गणित ठेवलंयस, ते कुणाच्याही सांगण्यावरून सोडू नकोस.

माझा कौल अर्थशास्त्राला आहे, पण गणित आणि संख्याशास्त्राचे पेपर असलेल्या अर्थशास्त्राला. सीए व्हायला कुणी फायनान्सची पदवी मागत नाही, त्यामुळे ती वाट नंतरही धरता येते. उलट बाजूने येणं अवघड. भारतीय आर्थिक सेवेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते, आणि एम.एस्सी. प्रवेशासाठीच्या आयआयटीच्या जॅम परीक्षेत २०२१ पासून जो अर्थशास्त्राचा पेपर आहे, त्यात गणित आणि संख्याशास्त्रही विचारतात.

आता नोकरी. नुसत्या बी.ए. अर्थशास्त्रावर चांगली नोकरी मिळणं कठीण, एम.ए. धरून पाच वर्षं मोजायची. बीएएफ (अकाउंटिंग आणि फायनान्सची पदवी) करून किंवा सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी, धरून लवकर चार पैसे सुरू होतात. धाकट्या भावाचं शिक्षणही व्हायचंय. पाच वर्षं घर ओढेल का, हे बाबांना स्पष्ट विचार. नाही म्हणाले तर फायनान्स घे आणि त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. ती काही कमी प्रतीची विद्या नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याचे पहिले अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. उसाचा फायदा ऊसवाल्याकडेच का राहू नये, हा त्यांचा विचार अर्थशास्त्राचा. पण शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमलं नसतं, कर्ज उभं राहिलं नसतं, तर तो विचार कागदावरच राहिला असता.

एक काम कर. गेल्या तीन वर्षांच्या बाजार समितीच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या पावत्या, बाबांकडून मागून घे. घट आणि व्याज वजा करून चाळीत ठेवलेल्या कांद्याने खरंच काही दिलं का, ते काढ. मग दुसऱ्या पानावर, निर्यातबंदीच्या महिन्यांत भाव का पडला याची तुला सुचतील ती सगळी कारणं लिही आणि प्रत्येक कारण तपासायला कुठली आकडेवारी लागेल तेही. दोन कॉलेजांचे अभ्यासक्रमही मिळव. त्यातली पेपरांची यादी वाच, पदवीच्या नावावर जाऊ नकोस.

दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. कुठलं पान जास्त भरलंय ते मला बघायचंय.

तुझा,
काका