सराफाने ‘काश्मिरी नीलम’ म्हणून दाखवलेला खडा खरंच काश्मीरचा असतो का?

तुम्ही लिहिलंय की सोलापुरात मुलासाठी 5 रतींचा नीलम बघितलात, दुकानदार काश्मिरी म्हणतोय आणि भाव 9,000 रुपये रती सांगतोय. मी इथल्या सराफ बाजारात 22 वर्षं जडाईचं काम करतोय. खडा नीलम असेलही, पण या भावात काश्मीरचा मिळणार नाही.

याचं कारण ती खाणच. किश्तवाडच्या पाडर भागात, झंस्कार रांगेत, सुमजम गावाच्या वर सुमारे 4,500 मीटरवर ती आहे. आपलं कळसूबाई 1,646 मीटर, त्यावरून अंदाज करा. 1881च्या सुमारास तिथे दरड कोसळली आणि निळे खडे उघडे पडले. सुरुवातीला त्यांचं मोल कुणाला कळलं नाही, सिमल्याच्या व्यापाऱ्यांकडे ते स्वस्तात गेले. कळल्यावर महाराजा रणबीरसिंहांनी पहारा बसवला. बर्फामुळे वर्षातले जेमतेम दोन-तीन महिने खोदकाम व्हायचं, तरी मोठमोठे खडे निघाले. 1887 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश तिथे पोचले, तोवर मूळ जागा जवळपास रिकामी झाली होती. पुढच्या शतकात अनेकदा खोदून पाहिलं, तसा साठा पुन्हा लागला नाही. जगात नावाजलेला काश्मिरी नीलम हा मुख्यतः त्या पाच-सहा पावसाळ्यांचा माल आहे.

म्हणूनच 2015 साली हाँगकाँगच्या लिलावात 27.68 कॅरेटचा एक खडा सुमारे 67 लाख डॉलरना गेला.

मी असा नीलम एकदाच हातात घेतलाय. जुन्या अंगठीचं कोंदण सैल झालं होतं, सोबत परदेशी प्रयोगशाळेचा कागद होता. निळा रंग गडद, पण त्यावर सायीसारखा मऊपणा. रंग लोह आणि टायटॅनियममुळे येतो. मऊपणा आतल्या अतिसूक्ष्म कणांमुळे, ते प्रकाश विखुरतात. त्या दिवशी खडा बसवताना माझा हात नेहमीपेक्षा हळू चालला.

बाजारात येतो तो बहुतेक श्रीलंकेचा किंवा मादागास्करचा. त्यातला बराच भट्टीत तापवून निळा केलेला असतो. तापवलेला नीलम खोटा नव्हे, फक्त तसं सांगून त्या भावात विकला पाहिजे. आपल्याकडे भलत्याच गावी विणलेली चादर सोलापुरी म्हणून खपवतात, तेव्हा इथल्या विणकराच्या पोटावर पाय येतो. खड्यांच्या बाबतीत गिऱ्हाईक फसतं, म्हणून इतकं लिहिलं.

दुकानदाराकडचा साधा दाखला नीट वाचा. त्यात बहुधा ‘नैसर्गिक नीलम’ एवढंच असतं, खाण कुठली ते नसतं. मूळ ठिकाण सांगणारा अहवाल वेगळा असतो. काश्मीरसाठी गुबेलिन किंवा एसएसईएफ या स्विस प्रयोगशाळांचा मानतात. तो नसेल तर ‘काश्मिरी’ शब्द विसरून फक्त रंग, स्वच्छता आणि तापवलाय की नाही, एवढ्यावर भाव ठरवा, आणि ‘तापवलेला नाही’ असं म्हणत असतील तर ते बिलावर लिहून मागा.