गावचं रेशनकार्ड असलं तरी मुंबईत पालिकेकडून टीबीची तपासणी आणि औषधं मोफत मिळतात का?

भाऊ बिगारी काम करतो, तीन आठवडे खोकला आहे, संध्याकाळी कणकण असते आणि कागदपत्रं सगळी गावची, असं तुम्ही लिहिलंय. हो, सगळं मोफत मिळतं. रेशनकार्डाचा रंग किंवा गाव इथे आड येत नाही. तो आज जिथे राहतो तिथल्या पालिकेच्या दवाखान्यात सकाळच्या ओपीडीला घेऊन जा.

बेडक्याचे दोन नमुने द्यायचे असतात. एक तिथल्या तिथे, दुसरा पहाटे उठल्या उठल्या. घोळ होतो तो इथेच. लोक घाईत नुसती लाळ थुंकतात आणि आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरायची, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा आणि छातीतून खाकरून आलेला घट्ट बेडका डबीत घ्यायचा, निदान अर्धा चमचा तरी. हे उघड्या हवेत करा, खोलीत किंवा मोरीत नको. सीबीनॅट किंवा ट्रूनॅट (बेडक्यातले टीबीचे जंतू मशीनवर ओळखणारी तपासणी) होणार का, हे विचाराच. टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडेल की नाही ते त्यात कळतं आणि त्यावरच पुढचे उपचार ठरतात. रिपोर्ट येईपर्यंत मेडिकलमधून लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक घेऊ देऊ नका, त्याने टीबी काही काळ दबतो आणि निदान लांबतं.

साध्या, म्हणजे नेहमीची औषधं लागू पडणाऱ्या टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या वजनावर ठरतात: 35 ते 49 किलोला रोज 3, 50 ते 64 ला 4. म्हणून वजनकाट्यावर उभं केल्याशिवाय गोळ्या घेऊन निघू नका. लघवी लाल-केशरी होते, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र डोळे पिवळे झाले, सारखी उलटी झाली किंवा नजर धूसर झाली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. महिन्याभरात खोकला थांबतो, भूक लागते आणि नेमक्या तेव्हाच गोळ्या सुटतात. कृपा करून तेव्हाच सगळ्यात जास्त लक्ष ठेवा.

नाव निक्षयवर (टीबी रुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंद) चढलं की पोषणासाठी महिन्याला 1000 रुपयांच्या हिशोबाने पैसे खात्यात येतात. खातं आधारला जोडलेलं नसेल तर ते अडकतात, तेवढं बँकेत आधीच बघून घ्या. गावी जायचं झालं तर निघण्याआधी सांगा, त्याच निक्षय नंबरावर तिकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधं चालू राहतात.

आणि त्याच्या खोलीत राहणाऱ्या सगळ्यांची तपासणी करून घ्या, लहान मुलांची सगळ्यात आधी.